‘शॅम्बल्स’: खाटकांची गल्ली आणि बोजवारा यांचे नाते काय?

उपसंपादक (प्रश्न)

मी एका मराठी दैनिकाच्या वृत्तविभागात रात्रपाळीला असतो आणि परदेशी वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्यांचे मराठी करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या मजकुरात ‘शॅम्बल्स’ हा शब्द आठवड्यातून दोन-तीनदा तरी भेटतो. कधी एखाद्या देशाची रेल्वेसेवा शॅम्बल्स झालेली असते, कधी एखाद्या पक्षाचा प्रचार, तर कधी पाहुण्या संघाची फलंदाजी. इतकी वर्षे मी ‘बोजवारा’ लिहून पुढच्या बातमीकडे वळत आलो. शब्द आला कुठून, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

यंदा मे महिन्यात बहिणीकडे लीड्सला गेलो असताना तिने एक दिवस यॉर्क दाखवायला नेले. तिथे भिंतीवरच्या पाटीवर हाच शब्द गल्लीचे नाव म्हणून लिहिलेला पाहिला आणि मी थबकलो. गल्ली इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंच्या जुन्या लाकडी घरांचे वरचे मजले पुढे झुकून एकमेकांना टेकतात की काय असे वाटते. खाली चॉकलेटची, दागिन्यांची आणि पर्यटकांना भुलवणाऱ्या चीजवस्तूंची दुकाने आहेत. आमच्या वाटाड्याने सांगितले की ही घरे अशी वेडीवाकडी आणि एकमेकांच्या अंगावर आलेली, म्हणून कुठल्याही अस्ताव्यस्त गोष्टीला या गल्लीचे नाव पडले. ऐकायला हे बरे वाटले, पण पटले नाही, कारण त्याच दुकानांच्या बाहेर, खिडक्यांच्या वरच्या बाजूला, लोखंडी आकडे अजून आहेत आणि ते मांस टांगण्याचे आहेत हे त्यानेच पाच मिनिटांपूर्वी दाखवले होते.

जाणकारांना विचारायचे ते असे की खाटकांची गल्ली आणि बोजवारा यांत आधी कोण आणि नंतर कोण? पाय ओढत, खुरडत चालण्यालाही इंग्रजीत ‘शॅम्बल’ म्हणतात, ते क्रियापद याच कुळातले आहे काय? आणि मुख्य म्हणजे, ‘बोजवारा’ लिहून मी इतकी वर्षे चूक तर करत नव्हतो ना?

निरुक्त

आपली शंका रास्त आहे. घरांच्या वाकडेपणाशी या शब्दाचा काही संबंध नाही. गल्लीचे नाव आणि बोजवारा हा अर्थ, दोन्ही एका साध्या लाकडी स्टुलापासून निघालेले आहेत.

लॅटिनमध्ये बाकाला ‘स्कॅम्नुम’ असा शब्द होता आणि त्याच्या लघुरूपाचा, म्हणजे ‘छोटा बाक’ या अर्थाचा शब्द जर्मानिक भाषांनी फार पूर्वी उचलला. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार साधारण ‘शॅमेल’ असा होता आणि पायाखाली घ्यायच्या स्टुलाला ‘फोटशॅमेल’ म्हणत. जर्मन भाषेत ‘शेमेल’ म्हणजे आजही स्टूलच; जर्मन माणसाला हा शब्द ऐकून रक्तही आठवत नाही आणि गोंधळही आठवत नाही. पुढची सारी उलथापालथ एकट्या इंग्रजीने केली.

ती कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. बसायचा बाक बाजारात नेला की त्यावर माल मांडता येतो, म्हणून ‘शॅमेल’ म्हणजे विक्रीचे टेबल झाले. चौदाव्या-पंधराव्या शतकांपर्यंत हा अर्थ आक्रसून मुख्यतः मांस आणि मासळी विकण्याच्या टेबलापुरता उरला. अशी टेबले एका रांगेत मांडली की त्या रांगेला अनेकवचनी नाव पडते, म्हणून ‘शॅम्बल्स’ म्हणजे मांसबाजार झाला. त्या काळी खाटीक जनावर दुकानामागेच कापत असे, म्हणून सोळाव्या शतकात हाच शब्द कत्तलखान्यालाही लागू झाला. कत्तलखान्यासारखी दिसणारी रणभूमी किंवा खून पडलेली जागा हा अर्थ त्यानंतरचा आणि निव्वळ पसारा किंवा बोजवारा हा अर्थ तर अगदी अलीकडचा, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रुळलेला आहे.

या साखळीत कत्तलखान्यापर्यंत कुठेही उपमा नाही. बाकावरून मालावर, मालावरून बाजारावर, बाजारावरून त्याच्या मागच्या अंगणावर असा हा शब्द शेजारच्या वस्तूला हात लावत सरकला आहे. ‘स्टुलाचा गोंधळ कसा झाला?’ असे विचारले तर उत्तर सापडत नाही, पण एकेक पायरी उतरत गेलो तर एकही पायरी मोठी वाटत नाही.

यॉर्कमधली गल्ली या साखळीच्या मधल्या टप्प्यावर थांबलेली आहे. पहिल्या विल्यमच्या आज्ञेने १०८६ साली इंग्लंडच्या मालमत्तेची जी नोंदवही तयार झाली, तिच्यात यॉर्कच्या मांसबाजारातल्या दोन ‘बाकांची’ मालकी एका सरदाराच्या नावावर लिहिलेली आहे. नोंद लॅटिनमध्ये आहे आणि तिथे दुकान, गाळा असे काही न लिहिता बाक असेच लिहिलेले आहे. आपण पाहिलेल्या खिडक्यांच्या खालच्या फळ्या रुंद आहेत, हे आपल्या लक्षात आले असेल. त्या फळ्यांवर मांस मांडत असत, म्हणजे तेच ते टेबल, फक्त भिंतीला जोडलेले. वरचे मजले पुढे काढल्यामुळे मालावर ऊन येत नसे आणि दोन्ही बाजूंचे पदपथ उंच ठेवल्यामुळे मधल्या सखल भागातून रक्त आणि घाण धुऊन वाहून नेता येत असे. १८७२ साली या एवढ्याशा गल्लीत खाटकांची पंचवीस दुकाने होती. आज एकही नाही. तेव्हा वाटाड्याला जो अस्ताव्यस्तपणा दिसला तो खाटकाच्या धंद्याला सोयीची अशी विचारपूर्वक केलेली रचना आहे.

भाषांतरकार म्हणून आपल्याला अधिक सावध राहावे लागेल ते जुन्या मजकुरात. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरील नाटकमालेच्या तिसऱ्या भागात, पहिल्याच प्रवेशात, यॉर्कचा ड्यूक संसदेत येऊन राजाच्या आसनावर बसतो. राजाचे सरदार त्याच्यावर तिथल्या तिथे तुटून पडायला निघतात, तेव्हा राजा म्हणतो की संसदगृहाची शॅम्बल्स करण्याचा विचारही माझ्या मनाला न शिवो. आजच्या इंग्रजीच्या सवयीने वाचले तर राजाला सभागृहातल्या गोंधळाची काळजी पडली आहे असे वाटेल. प्रत्यक्षात तो सभागृहाचा खाटिकखाना होऊ नये म्हणून बोलत आहे. ‘ऑथेल्लो’त नायक डेस्डिमोनाला टोचून बोलताना उन्हाळ्यात शॅम्बल्समध्ये घोंघावणाऱ्या माश्यांचा दाखला देतो, तिथेही मांसबाजार डोळ्यांपुढे नसेल तर त्या वाक्यातली शिसारी वाचकापर्यंत पोहोचत नाही. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की शॅम्बल्समध्ये जे विकले जाते ते खुशाल खा, विवेकबुद्धीसाठी चौकशी करत बसू नका. तिथे तर रक्तपातही नाही, साधा बाजार आहे. अलीकडच्या इंग्रजी भाषांतरांनी तो शब्द काढून सरळ ‘मांसबाजार’ असे लिहिले, कारण नव्या वाचकाला तिथे काहीतरी विस्कटलेले विकायला ठेवले आहे असे वाटले असते.

क्रियापदाबद्दल सांगायचे तर ते सतराव्या शतकात दिसू लागते आणि त्याच्या आधी ‘शॅम्बल-पाय’ असा शब्दप्रयोग मिळतो. खाटकाच्या टेबलाचे पाय खाली फाकलेले असत, तसे फेंगडे पाय टाकत चालणारा माणूस, असे त्याचे स्पष्टीकरण बहुतेक कोशकार देतात. म्हणजे एका भावाने टेबलावरचे रक्त उचलले आणि दुसऱ्याने टेबलाचे पाय.

खाडीकाठ

निरुक्त यांनी टेबलावरून बाजारावर सरकण्याची जी पायरी सांगितली ती मला घरबसल्या पटली, कारण आमच्या घरात तशीच एक पायरी होती.

माझी आजी मुंबईच्या एका मासळी बाजारात बसत असे. तिथे प्रत्येकीला बसायला आणि माल मांडायला दगडी चौथऱ्याचा एक तुकडा ठरवून दिलेला असतो, त्याला ‘ओटा’ म्हणतात. वर पापलेट आणि सुरमई, बाजूला सुऱ्याची फळी, खाली सतत वाहणारे पाणी. पण घरात ओटा हा शब्द दगडासाठी फारसा वापरला जात नसे. ‘ओटा थोरल्या सुनेला दिला’ म्हणजे धंदा दिला. ‘त्यांचे दोन ओटे आहेत’ म्हणजे ते खाऊनपिऊन सुखी आहेत. ‘ओट्यावर आहे’ म्हणजे ती बाजारात आहे. मी लहान असताना स्वयंपाकघरातल्या ओट्याला तेच नाव का, असे आजीला विचारले होते. ती म्हणाली, त्यावर शिजवतात आणि यावर विकतात, एवढाच फरक. दगडाचा धंदा व्हायला आमच्याकडे एक पिढीसुद्धा लागली नाही, मग इंग्रजांच्या बाकाचा बाजार व्हायला काय हरकत आहे?

मासळीवरून एक भर घालते. डब्लिन शहरात ‘फिशॅम्बल स्ट्रीट’ नावाचा जुना रस्ता आहे. नाव नीट उच्चारून पाहिले की त्यात ‘फिश’ आणि ‘शॅम्बल’ एकमेकांत मिसळलेले ऐकू येतात. म्हणजे हा सरळसरळ मासळी बाजार. याच रस्त्यावरच्या संगीतगृहात १३ एप्रिल १७४२ रोजी हँडेलच्या ‘मसीहा’ या संगीतरचनेचा पहिला प्रयोग झाला. कोळणीच्या नातीला हे वाचून जरा मिरवावेसे वाटले, एवढे कबूल करते.

आपल्याकडे वर्गात कलकलाट झाला की गुरुजी म्हणतात, ‘काय मासळी बाजार मांडलाय!’ तिथे आक्षेप आवाजाला असतो. ओट्यांच्या मांडणीला तो लागू होत नाही, कारण मासळी बाजाराइतकी शिस्तशीर मांडणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

शंकेखोर

दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी एका जागी मला अडखळायला होते. कत्तलखाना ते रणभूमी ही उपमा समजते, पण रणभूमी ते मुलाची विस्कटलेली खोली ही उडी मोठीच आहे. मधे रक्त होते, ते गेले कुठे? मांसबाजार मुळातच घाणेरडा, म्हणून तिथून थेट पसाऱ्याचा अर्थ आला, असे का मानू नये?

दुसरे असे की ‘स्कॅम्नुम’ हे रूप पाहून मला संस्कृतातला ‘स्कम्भ’ आठवला. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात स्कम्भसूक्त आहे, ज्यात साऱ्या विश्वाला आधार देणाऱ्या खांबाविषयी ऋषी प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. हा ध्वनिसारखेपणा योगायोग आहे काय? इंटरनेटवर असल्या जुळवाजुळवीला ऊत आलेला असतो, म्हणून विचारतो.

आणि तिसरे, मूळ शब्दात ‘ब’ नव्हता असे दिसते. तो मधेच कुठून आला?

निरुक्त

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि नाकाची वाट उघडी असते. त्यानंतर लगेच ‘ल’ किंवा ‘र’ म्हणायचा झाला आणि नाकाची वाट ओठ उघडण्याच्या क्षणभर आधी बंद झाली, तर ओठ उघडताना आपोआप ‘ब’ फुटतो. शिंप्याच्या अंगुस्तानाला इंग्रजीत ‘थिंबल’ म्हणतात, त्याच्याही जुन्या रूपात ‘ब’ नव्हता. आणि आपल्याकडे काय झाले ते पाहा: ‘आम्र’चा आंबा झाला, ‘ताम्र’चे तांबे झाले, ‘अम्ल’पासून प्राकृतात ‘अंबिल’ आणि मराठीत आंबील आली. यॉर्कच्या खाटकाने आणि महाराष्ट्रातल्या आंबेवाल्याने ओठांची तीच हालचाल केली.

स्कम्भाची जुळवणी या वेळी खरी आहे, मात्र तिचे स्वरूप नीट सांगायला हवे. लॅटिन ‘स्कॅम्नुम’ आणि संस्कृत ‘स्कम्भ’ हे दोन्ही शब्द ‘आधार देणे, टेकू देणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूकडे नेले जातात. त्यातला कोणीही दुसऱ्याकडून घेतलेला नाही. ती चुलत भावंडे आहेत. स्कम्भाचे प्राकृतात ‘खंभ’ झाले आणि मराठीत खांब. म्हणजे आपल्या माजघरातला खांब आणि इंग्रजांची शॅम्बल्स यांचे गोत्र एक आहे, एकाने घर तोलून धरले आणि दुसऱ्याचा बोजवारा झाला. असल्या साम्यांवरून ‘इंग्रजी संस्कृतातून निघाली’ असे निष्कर्ष काढणारे लोक इथे येण्याआधीच हे लिहून ठेवतो.

आता रक्त कुठे गेले, याविषयी. आपला पर्याय अशक्य नाही आणि बाजाराच्या घाणीने मदत केली असेलही. तरीही मी रणभूमीची पायरी वगळणार नाही, कारण मधल्या काळातल्या वापरात ‘शॅम्बल्स’ हा शब्द प्रेते, जखमी आणि रक्त यांच्याच संगतीत येतो. लढाईनंतरच्या जागेत रक्ताबरोबर मोडतोडही असते. बोलणाऱ्यांनी मोडतोड ठेवली आणि रक्त सोडून दिले. कठोर शब्द वारंवार वापरला की त्याची धार बोथट होते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. ‘परीक्षेत मेलो’, ‘उन्हाने जीव घेतला’, ‘पाहुण्यांनी फराळाचा फडशा पाडला’ यांत कोण मरतो? ज्या पिढीला जुना अर्थ ठाऊक होता, तिच्यातल्या काटेकोर लोकांना ही सौम्य छटा खटकत असे. आज तो वाद संपला आहे.

धार इतकी गेली की शब्दाला पुन्हा धार लावावी लागली. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या एका राजकीय विनोदी मालिकेने २००९ साली ‘ऑम्निशॅम्बल्स’ असा शब्द घडवला, म्हणजे सर्व बाजूंनी, सर्व प्रकारे झालेला बोजवारा. २०१२ साली विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी तो संसदेत सरकारच्या अर्थसंकल्पावर फेकला आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याला ब्रिटनमधला वर्षाचा शब्द ठरवले. शेक्सपिअरच्या राजाला ज्या सभागृहाची शॅम्बल्स नको होती, तिथेच तो गाजला; फक्त या खेपेला कोणाचे डोके उडाले नाही.

पोतदिवटी

मूळ प्रश्नकर्त्याचा ‘बोजवारा’ मागेच राहिला, म्हणून लिहितो.

इंग्रजीत जागेच्या नावावरून अव्यवस्थेला नाव पडण्याची ही एकच गोष्ट नाही. ‘बेडलम’ म्हणजे आरडाओरडा. तो शब्द १२४७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बेथलेहेम नावाच्या मठाचा, जिथे पुढे मनोरुग्णांचे रुग्णालय झाले, बोलीतला उच्चार आहे. ‘पँडेमोनियम’ ही मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्यातली सैतानांची राजधानी. मराठीतही घराला आपण धर्मशाळा म्हणतो, खोलीला उकिरडा म्हणतो आणि कारभाराला मोगलाई म्हणतो. तरी अव्यवस्थेसाठी आपला सर्वांत रोजचा शब्द जागेचा नाही, तो विधीचा आहे: गोंधळ.

माझ्या आजोळी लग्नानंतर गोंधळ घालतात. चौरंगावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरायचा, कलश ठेवायचा, दिवटी पाजळायची आणि मग संबळ-तुणतुण्याच्या साथीवर तुळजापूरच्या भवानीपासून एकेका देवतेला नाव घेऊन बोलवायचे. कोणाला आधी बोलवायचे आणि कोणाला नंतर, याचा क्रम गोंधळ्याला तोंडपाठ असतो आणि तो चुकलेला घरातल्या वडीलधाऱ्यांना खपत नाही. इतक्या नेमाने चालणाऱ्या विधीचे नाव अव्यवस्थेला मिळाले, ते बहुधा दाराबाहेर उभे राहून नुसता आवाज ऐकणाऱ्यांमुळे. यॉर्कच्या गल्लीबाबत त्या वाटाड्याचे तसेच झाले असावे.

भाषांतरापुरते माझे मत असे की ‘शॅम्बल्स’ला मराठीत एक ठरलेला प्रतिशब्द शोधू नये. इंग्रजी शब्द आता आवाज सांगत नाही, झालेली अवस्था सांगतो. म्हणून ‘गोंधळ’ आणि ‘मासळी बाजार’ बहुतेक वेळा बाद होतात. योजना फसली असेल तर ‘बोजवारा’ चपखल बसतो. फलंदाजी कोसळली असेल तर दाणादाण किंवा धूळधाण. रेल्वे किंवा वीज कधी आहे, कधी नाही, अशी गत असेल तर खेळखंडोबा. नेते एक बोलतात आणि अधिकारी भलतेच करतात, तिथे सावळागोंधळ. आणि बातमीत खरोखर रक्त सांडलेले असेल, तर यांतला एकही शब्द लिहू नये. तिथे जे घडले ते सरळ लिहावे.

उपसंपादक

सर्वांचा ऋणी आहे. खाडीकाठ यांचा ओटा वाचून मी आमच्या छायाचित्र विभागाकडे मासळी बाजाराचे एक जुने छायाचित्र मागितले आणि त्यात ओट्याच्या कडेला खोदलेले क्रमांक पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिले. इतकी वर्षे ते छायाचित्र आम्ही पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या बातमीला जोडत होतो.

योगायोग असा की कालच रात्री परदेशातल्या एका विमानतळाची बातमी आली. सामान वाहून नेणारी यंत्रणा बंद पडली होती, प्रवासी एका शहरात आणि त्यांच्या बॅगा दुसऱ्याच शहरात पोहोचल्या होत्या आणि पहिल्याच वाक्यात शॅम्बल्स होती. सवयीने ‘बोजवारा’ टाइप केले, मग पोतदिवटी यांची यादी आठवून थांबलो. योजना फसलेली नव्हती, फलंदाजी नव्हती, रक्तही नव्हते. ‘खेळखंडोबा’ लिहिले, तर ते शीर्षकाच्या एका स्तंभात मावेना. पान सोडायला सात मिनिटे होती. शेवटी ‘बॅगांची पळापळ’ असे शीर्षक दिले आणि शॅम्बल्स पूर्णपणे गाळली.